वर्तुळाबाहेरची शाळा

संक्रांत आठ दिवसांवर आली की मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत सकाळपासून कागदांची फडफड सुरू होते. पोरं गच्च्यांवर चढतात, रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये गुलाबी मांजा सुकत असतो, आणि स्कूटरवाले गळ्याला मफलर गुंडाळून, हँडलला तारेची कमान लावून जपून जातात. बडोद्यात आम्ही संक्रांत म्हणतो ती फक्त घरात, तिळगुळापुरती. दाराबाहेर पाऊल टाकलं की तिचं उत्तरायण होतं. मीही चहाचा कप घेऊन गच्चीवर जाते. बाकीच्यांना पतंग दिसतात, मला आधी वारा दिसतो. तो कुठून आहे, किती आहे, खाली जमिनीलगत काही हलतंय का, एवढं बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. सव्वीस वर्षं धोके मोजायची नोकरी केली, त्याची ही सवय राहिली आहे.

यंदा संक्रांतीच्या सकाळी एक हिरवा पतंग कटला आणि समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यात जाऊन अडकला. खालून कुणीतरी "काप्यो छे!" म्हणून ओरडलं. मला पुष्पा आठवली. आठवली म्हणणंही खोटंच, कारण विसरले कधी होते? थंडी पडली की गुडघा दुखायला लागतो, तशी ती दर जानेवारीत येते.

माझं काम नेमकं काय, हे आईला मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. घरी पाहुणे आले की ती कौतुकाने सांगायची, "आमची अनघा कारखान्यांत जाते आणि गॅस सुटला तर किती माणसं मरतील ते काढते." पाहुण्यांचा पोह्यांचा चमचा तसाच हातात राहायचा. मला राग यायचा, पण चुकीचं काहीच नव्हतं त्यात. भोपाळनंतर कायदे झाले, आणि ज्या कारखान्यात क्लोरीन, अमोनिया असलं काही मोठ्या प्रमाणात साठवलेलं असेल त्याला धोक्याचा अहवाल करून घेणं भाग पडलं. तो अहवाल आम्ही करायचो. वाईटात वाईट काय होईल ते धरायचं. नळी तुटली. पहाटेची वेळ, आकाश निरभ्र, जमीन गार, वारा पडलेला. अशा वेळी गॅस वर जात नाही, पातळ होत नाही, जमिनीवर लोळत राहतो. तो कुठवर जाईल याचं गणित करायचं आणि नकाशावर कारखान्याभोवती एक वर्तुळ काढायचं. वर्तुळात जी घरं येतील त्यांना भोंगा मिळायचा, कवायत मिळायची, कुठे पळायचं ते छापून मिळायचं. वर्तुळाबाहेरच्यांना काही नाही, कारण त्यांना काही होणार नाही असं आम्ही लिहून दिलेलं असायचं.

ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. देशाची दारं उघडली होती आणि बडोद्याच्या चारी बाजूंना दर महिन्याला एखादी नवी चिमणी दिसायची. परदेशी भागीदार यायचे, आधी अहवाल मागायचे, मग हात मिळवायचे. आमचं ऑफिस गोरव्याला होतं, एका इंजिनिअरिंग वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ चालायचे, वर आमचे टेबल थरथरायचे. पाच-सहाच माणसं होतो. मालक त्रिवेदीसाहेब जुने केमिकल इंजिनिअर, मनाने भले आणि गिऱ्हाइकापुढे मऊ. ऑफिसात एकच खोली थंडगार असायची, ती संगणकाची. तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत, देवघरासारख्या. त्या खोलीत फक्त मी जायची. विद्यापीठात पहिली आलेली, धूर, वारा, तापमान यांची समीकरणं तोंडपाठ असलेली, बडोद्याच्या जुन्या मराठी घरातली, आजोबा संस्थानात अधिकारी असलेली मी. कीर्दीवर बसलेल्या मुनीमासारखी मी त्या यंत्रावर बसायची. प्रिंटरमधून किर्र किर्र करत माझी वर्तुळं बाहेर पडायची आणि त्रिवेदीसाहेब ती दोन्ही हातांनी उचलायचे.

हिवाळा ही आमची सुगी होती. सगळ्यात वाईट हवा डिसेंबर-जानेवारीतच मिळते, म्हणून जागेवरची कामं आम्ही तेव्हाच काढायचो. लोक हवा छान पडली म्हणून खूश असायचे, लीलो चेवडा म्हणजे ओला चिवडा आणि जामफळं म्हणजे पेरू घेऊन कमाटीबागेत जायचे. मी त्याच गारठ्यात वारा पडायची वाट बघत असायची. त्या वर्षी काम आलं पादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याचं. क्लोरीनच्या टाक्या, शेजारी गाव, गावाच्या टोकाला चार खोल्यांची प्राथमिक शाळा. अहवाल उत्तरायणाआधी द्यायचा होता. आणि त्याच महिन्यात घरं मोजायला म्हणून पुष्पा इंगळे नोकरीला लागली.

तिचे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन आलेले, प्रतापनगरच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. ती साधी बी.एस्सी. झालेली, वर कसलासा सुरक्षेचा डिप्लोमा. तेलाने चापून बसवलेली वेणी, फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस, वर भावाचा स्वेटर, आणि चढ आला की पायडल मारावं लागणारी लूना. तिचं काम इतकंच की गावात जायचं, दारं मोजायची, माणसं मोजायची आणि आकडा मला आणून द्यायचा. मी तिला पहिल्या दिवशी छापील तक्ता दिला. घर, पुरुष, बायका, मुलं, असे चार रकाने.

तिने तक्ता भरून दिला, बिनचूक. पण तिची एक वेगळी वही होती, शाळकरी, पुठ्ठ्याची. एकदा ती हात धुवायला गेली असताना मी ती उघडली. त्यात रकाने नव्हते. गावातलं प्रत्येक घर होतं. "जीवीबा, दोन्ही कानांनी बहिरी, भोंगा ऐकू येणार नाही, सून शेतात असते." "रावजीभाई, एक पाय अधू." "या घराला बाहेरून कडी लावून आई कामाला जाते, आत दोन मुलं, किल्ली शेजारच्या शांताबेनकडे." "ट्रॅक्टर तिघांकडे, सकाळी चालू व्हायला वेळ लागतो." मी वही मिटली आणि जागच्या जागी ठेवली. माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं मी गावातली माणसं मोजत होते, आणि त्यातलं कुणी बहिरं असेल हे मला सुचलं नव्हतं.

मत्सर मोठ्या गोष्टींचा असतो असं लोकांना वाटतं. माझा अगदी क्षुल्लक गोष्टींवर पोसला गेला. मी जीपमधून उतरले की गावातल्या बायका पदर सावरून उभ्या राहायच्या, आणि पुष्पा गेली की तिला चुलीपाशी बसवून घ्यायच्या. संध्याकाळी तिच्या लूनाच्या पिशवीत कधी जामफळं, कधी तुरीच्या ओल्या शेंगा असायच्या. ती सगळ्यांना वाटायची, मलाही. मी "दात आंबतात" म्हणून नाही म्हणायची आणि मग तिच्या टेबलावरच्या जामफळाचा वास दिवसभर घेत बसायची. कारखान्याचा दरवान मला सलाम करायचा आणि तिला, "आवो पुष्पाबेन, चा पीधी?" म्हणून विचारायचा. तिचं अक्षर गोल आणि मोकळं होतं, माझं किरटं. तेही मला खुपायचं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी कारखान्याच्या फाटकाबाहेर जीपची वाट बघत उभ्या होतो. गावातली पोरं उत्तरायणाची तयारी करत होती, आकाशात सात-आठ पतंग. एक कटला आणि हेलकावे खात नैऋत्येला गेला. पुष्पा म्हणाली, "बघा ताई, तुमच्या कागदात आहे तसंच गेला." माझ्या कागदात म्हणजे विमानतळावरून आणलेल्या वाऱ्याच्या नोंदींत. मी जरा सुखावले. तेवढ्यात ती गावाकडे बोट दाखवून म्हणाली, "पण चुलींचा धूर बघा."

मी बघितलं. गावावर धुराचा एक पातळ पट्टा तरंगत होता आणि पतंग गेला त्या बाजूला तो जात नव्हता. तो सावकाश खाली उतरत होता, गावाच्या कडेने जाणाऱ्या कोतरीत. कोतर म्हणजे पावसाच्या पाण्याने कापून काढलेली घळ, मही नदीच्या बाजूच्या गावांना ती असतेच. ही कोतर कारखान्याच्या कुंपणापासून निघून शाळेला लागून पुढे जात होती. "वरचं वारं तुमचंच आहे, ताई," पुष्पा म्हणाली. "खालचं वेगळं आहे. सकाळी तर अजून दिसतं. वारा पडला की हवा पाण्यासारखी उतारानं जाते. क्लोरीन जड असतो ना? मग तोही असाच जाईल, शाळेकडे."

माझ्या वर्तुळाची कड शाळेच्या चार घरं अलीकडे संपत होती. त्रिवेदीसाहेबांनी नकाशा बघून विचारलं होतं, "अनघाबेन, स्कूल बहार छे ने?" शाळा बाहेर आहे म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. कारखान्यालाही तेच हवं होतं, वर्तुळात शाळा आली की सरकारी कटकट वाढते. माझं गणित सपाट जमीन धरून होतं. तशी ती धरायची पद्धतच होती. मी पुष्पाला म्हटलं, "चुलीचा धूर गरम असतो. त्यावरून गॅसचं सांगता येत नाही. असलं डोळ्यांनी बघून अहवाल होत नाहीत."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, धूर गार करून बघू या का? रविवारी. तुम्ही बघा आणि तुम्हालाच बरोबर वाटलं तर साहेबांना तुम्हीच सांगा. मला ते गणितातलं समजत नाही."

ती ते मला देऊन टाकत होती. तिच्या जागी मी असते तर त्रिवेदीसाहेबांच्या टेबलापर्यंत धावत गेले असते. तिच्या मनात ते आलंही नव्हतं, आणि त्या क्षणी माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या अजून आठवतात. तिला ज्याची किंमत नव्हती त्याच्यासाठी मी जन्मभर रांगेत उभी होते.

रविवारी सकाळी मी स्वेटरवर शाल घेऊन गेले. पुष्पाने कुंपणाजवळ खड्डा करून शेण्या पेटवल्या होत्या आणि वर ओली पोती टाकली होती. पोत्यांच्या कडेने धूर निघत होता, जाड, पांढरा, गार, वर न जाणारा. मी शाळेच्या आवारात जाऊन उभी राहिले. रविवार असल्यामुळे वर्ग बंद होते, पण मैदानात पंधरा-वीस मुलं पतंगांना कन्नी बांधत बसली होती. वारा नावालाही नव्हता, पिंपळाचं पान हलत नव्हतं. मी घड्याळ बघत होते आणि मनात एकच होतं, येऊ नये. धूर येऊ नये.

आता लिहिते आहे तर नीट लिहिते. धूर येऊ नये असं मला वाटत होतं ते मुलांसाठी वाटत नव्हतं. मला पुष्पा चुकायला हवी होती. अकरा मिनिटांनी कोतरीच्या काठावरून पांढरं काहीतरी वर आलं, कुंपणाच्या खालून आत सरकलं आणि मैदानावर पसरलं. मुलांच्या गुडघ्यांपर्यंत आलं. एक लहान मुलगी खाली वाकलेली होती, तिला ठसका लागला. मोठी पोरं हसली, धूर पायांनी उडवायला लागली. मी त्या मुलीकडे बघत होते आणि मला वाईट वाटत होतं माझ्या वर्तुळाचं. मान वर केली तर कोतरीच्या पलीकडे पुष्पा उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिने हात केला. मीही केला आणि जीपकडे चालू लागले. धूर शाळेच्या पुढे कुठे जातो ते बघायला थांबले नाही.

सोमवारी चपला काढून मी थंड खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. शाळा बाहेर ठेवणं आता शक्य नव्हतं, इतकी मी वाईट नव्हते. पण ती आत घ्यायची तर कशाच्या आधारावर? अहवालात लिहायचं की कुमारी इंगळे यांनी शेण्या जाळून पाहिल्या? की पहिल्या आलेल्या बाईंचं गणित लूनावरच्या मुलीने खोटं ठरवलं? आमच्या कामात नळी किती तुटली हे धरणं आमच्या हातात असतं. आम्ही नेहमी अर्धी तुटली असं धरायचो. मी पूर्ण तुटली असं धरलं. आकडा बदलला, बटण दाबलं, प्रिंटर किर्र किर्र करायला लागला. वर्तुळ फुगलं आणि शाळा गिळून पुढे गेलं. शाळा माझ्या गणिताने आत आली. धूर, कोतर, पोती, पुष्पा, कशाचीच गरज उरली नाही.

त्रिवेदीसाहेब अस्वस्थ झाले. कारखान्याची माणसं आली, तावातावाने बोलली. मी तासभर भांडले. "मुलांचा प्रश्न आहे," असं मी त्या टेबलावर म्हणाले, स्वतःच्या तोंडाने. शेवटी त्यांनी मानलं. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक ती गोष्ट सांगायचे. अनघाबेन कुणाला घाबरत नाहीत, शाळेसाठी अख्ख्या कारखान्याशी भांडल्या. मी ऐकून घ्यायची, नको नको म्हणायची, आणि आतून फुगायची.

मग शेवटचं पान राहिलं. भोंगा झाला की शाळेतल्या मुलांनी कुठे जमायचं ते त्यात लिहायचं होतं. मी नकाशावर पट्टी ठेवली. कारखान्यापासून लांब, नव्या वर्तुळाच्या बाहेर, शाळेपासून जवळ अशी एकच मोकळी जागा दिसत होती. तळ्याकाठचं मैदान. कोतरीच्या कडेची पायवाट सरळ तिथे जात होती. मी लिहून टाकलं. नकाशावर उतार दाखवलेला नव्हता. पुष्पाला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

टाइप झालेला अहवाल तिच्याकडे घरांचे आकडे तपासायला गेला. तिने नकाशा उघडला. "शाळा आली. बरं झालं ताई," ती म्हणाली. धुराचा उल्लेख कुठे आहे, आपलं नाव कुठे आहे, असलं काही तिने शोधलं नाही. मी बघत होते, तिने खरंच शोधलं नाही. मग ती शेवटच्या पानावर आली आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"तळ्याकाठी, ताई?"

"का? वर्तुळाच्या बाहेर आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. "हो," ती म्हणाली, "बाहेर आहे." आणि फाइल मिटली. दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मला तेव्हा काय सुचावं? हिला त्रिवेदीसाहेब मागितल्याबरोबर रजा देतात आणि मला चार प्रश्न विचारतात, एवढंच सुचलं.

अहवाल गेला. उत्तरायण आलं. त्या दिवशी मी आमच्या गच्चीवर होते, उंधियु होतं, जिलबी होती, शेजारच्या गच्चीवर पिपाण्या वाजत होत्या. खूप वर्षांत इतकी हलकी झाले नव्हते. पुढच्या वर्षी पुष्पा दहेजकडच्या एका मोठ्या कारखान्यात गेली, तिकडचाच मुलगा बघून लग्न केलं. तिच्या निरोपाच्या दिवशी दरवानापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे डोळे भरून आले. मी तिला पेन भेट दिलं. चांगलं दिलं, तिच्या त्या मोकळ्या अक्षराला शोभेलसं.

चार हिवाळे गेले. एका जानेवारीत सकाळी त्या कारखान्यात नळी तुटली. पूर्ण नाही, अर्धीच. आमची नेहमीची रीतच बरोबर होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती. क्लोरीन सुटला, गावात खोकला आणि डोळ्यांची आग, शाळेतली मुलं वेळेत हलवल्याने सुखरूप. साडेनऊला त्रिवेदीसाहेबांचा फोन आला. "अनघाबेन! आपणो रिपोर्ट काम लाग्यो!" ते आनंदाने ओरडत होते. मी हो हो म्हणत होते आणि ती बातमी पुन्हा वाचत होते. त्या बातमीतली एक गोष्ट मला जुळत नव्हती. वारा पडलेला होता, सकाळची वेळ होती, आणि मुलं सुखरूप होती. तळ्याकाठी गेली असती तर ती सुखरूप राहिली नसती, हे इतक्या वर्षांत मला कळून चुकलं होतं. ते शेवटचं पान दुरुस्त करावं असं मला अनेकदा वाटलं होतं. दुरुस्त करायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं.

मी कायनेटिक काढली आणि तडक गावात गेले. शाळेत रमीलाबेन नावाच्या मुख्य शिक्षिका होत्या. मी बडोद्याहून आले, अशा जागांची पाहणी करते, इतकंच सांगितलं. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. भिंतीवर गेरूने एक मोठा बाण काढलेला होता, वर टोक असलेला. बाण तळ्याकडे नव्हता. तो मागच्या टेकाडाकडे होता, जिथे मातेची देरी, लहानसं देऊळ, आहे. त्या टेकाडावर जायला आधी पन्नास पावलं कारखान्याच्याच दिशेने चालावं लागतं. नकाशावर पट्टी ठेवणारं कुणीही ती जागा निवडणार नाही.

"पुष्पाबेने कह्युं हतुं," रमीलाबेन म्हणाल्या. "नीचे नहीं जवानुं, उपर जवानुं." मग त्यांनी सगळं सांगितलं. ती मुलगी एका सकाळी आली, मुलांना घेऊन टेकाडावर चढली, घड्याळ लावून. पुन्हा उतरवून पुन्हा चढवली, तीन वेळा. दर पंधरवड्याला हे करायचं असं सांगून गेली. मुलांना तो खेळच झाला होता, भोंगा वाजला की "टेकरो! टेकरो!" ओरडत सुटायची. कालही तशीच सुटली. वरून त्यांनी खाली कोतरीत हिरवट-पिवळं भरत जाताना बघितलं. ते तळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच बसून राहिलं.

"आणि तो छापील कागद?" मी विचारलं.

त्यांनी कपाटातून तो काढला. प्लास्टिकच्या पिशवीत तसाच होता, घडीही मोडलेली नव्हती. त्या हसल्या. "आमां तो तलाव लख्युं छे. जेणे लख्युं ए बेन अहीं कोई दिवस आव्यां ज नहीं होय." यात तर तळं लिहिलंय, जिने लिहिलं ती बाई कधी इथे आलीच नसेल.

ती मीच, असं मी म्हणाले नाही. त्यांनी दिलेला चहा प्याले. मैदानात मुलं कन्नी बांधत होती. त्यांच्याकडे बघून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, मनापासून झाला. पण तो दुसरा आला. पहिल्यांदा आला तो हेवा. भिंतीवरच्या त्या बाणाचा, रमीलाबेनच्या तोंडातल्या त्या नावाचा, "पुष्पाबेन" म्हणताना त्यांच्या आवाजात जे काही आलं त्याचा. मुलं जिवंत आहेत आणि मी त्यांच्यासमोर बसून जळते आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसून काही उपयोग झाला नाही.

त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली. गोरव्याचं ऑफिस बंद झालं, त्रिवेदीसाहेब गेले, वर्तुळं काढणारी नवी यंत्रं आली, त्यांना उतारही कळतो म्हणतात. दर संक्रांतीला पुष्पाचा फोनवर निरोप येतो, तिळगुळाचा, सोबत तिच्या गच्चीवरून काढलेला पतंगांचा फोटो. दर वेळी मी "तुलाही शुभेच्छा" एवढंच लिहिते. यंदा तो हिरवा पतंग कडुलिंबात अडकलेला असताना तिचा निरोप आला. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि तिला फोन लावला. पहिल्यांदाच.

"अगंबाई, ताई! तुम्ही?" मागे कुकरची शिट्टी झाली. कोण कसं आहे, गुडघे कसे आहेत, हे झालं. मग मी सांगितलं. नळी पूर्ण तुटली असं का धरलं ते. धुराची ओळ का लिहिली नाही ते. तळं का लिहिलं ते, आणि शाळेत जाऊन तो बाण बघून आले तेही. "मला तुझा हेवा वाटायचा पुष्पा," मी म्हणाले. "फार वाटायचा."

ती म्हणाली, "माहीत होतं ताई."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून. धूर शाळेत शिरला तेव्हा मी आधी पोरांकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुमचं तोंड एवढंसं झालं होतं." ती अगदी साधेपणाने सांगत होती, गावातल्या घरांबद्दल सांगायची तशी. "म्हणून तर तळ्याचं मी तुम्हाला पुढे काही बोलले नाही. म्हटलं, बोलले तर ताईंना राग येईल, त्या अजून एक गणित मांडतील, आणि त्यात पोरं कुठे जातील कोण जाणे. त्यापेक्षा सरळ शाळेतच जावं."

मला तिची ती पुठ्ठ्याची वही आठवली. जीवीबा बहिरी. रावजीभाईंचा पाय अधू. कुठल्या दाराला बाहेरून कडी. पोरांच्या वाटेत जे जे आडवं येईल ते सगळं ती टिपून ठेवायची आणि त्यातून वाट काढायची.

"माझंही लिहिलं होतंस का वहीत?" मी विचारलं. हसत विचारायचं ठरवलं होतं, तसं जमलं नाही.

"काहीतरीच काय ताई," ती म्हणाली. "तुमचं कसं लिहीन? लिहिलं असतं तर रिपोर्टात द्यावं लागलं असतं."

मग तिने उंधियु झालं का विचारलं. मी म्हटलं, अजून सुरती पापडी निवडायची आहे. फोन ठेवला तेव्हा ऊन गच्चीभर आलं होतं आणि वारा पार पडला होता, पोरं फिरक्या मांडीवर घेऊन बसून राहिली होती. सगळं बोलून टाकलं की हेवा जाईल, असं मला फोन लावताना वाटलं होतं. कप उचलला. चहा गार झाला होता आणि तिचा हेवा वाटत होता.